मेबॅकला जागा आहे, ट्रकला नाही

कोल्हापुरातल्या एका वर्गमित्राचे एक वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी योग्य की अयोग्य, यावर आमच्या शाळेतल्या मित्रांत चर्चा चालली होती. तेव्हा त्याने ठणकावून लिहिले, ‘जर्मनीत पंधरा वर्षांची गाडी रस्त्यावर आणली तर पोलीस उचलून नेतात. ही शिस्त आपल्याला कधी येणार?’ त्यावर कोणी शंकासुद्धा घेतली नाही. मी स्टुटगार्टमध्ये राहतो. माझी मर्सिडीज २४० डी १९८३ सालची आहे आणि मार्च ते ऑक्टोबर मी तिच्यातूनच कामावर जातो. तिला आजवर कोणी उचलून नेलेले नाही.

भारतातला कोणताही वाद निघाला की परदेशाचा दाखला द्यायचा ही आपली जुनी सवय आहे. दाखला खरा असेल तर माझी तक्रार नाही. परंतु न पाहिलेल्या देशाची शिस्त पुढे करून आपल्याच माणसाच्या दारातली चालती गाडी भंगारात काढा असे सांगणे मला सहन होत नाही, विशेषतः त्या देशात जेव्हा याच्या नेमके उलटे चालते.

इथे गाडीला तीस वर्षे झाली, ती बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात असली आणि तिची निगा चांगली राखलेली असली की तज्ज्ञ तिची तपासणी करून अहवाल देतो आणि नंबरच्या पाटीवर शेवटी ‘एच’ अक्षर येते. ही पद्धत १९९७ पासून आहे. एच-पाटीच्या गाडीला, मग ती छोटी मोटार असो की मोठा ट्रक, वर्षाला १९१ युरो ७३ सेंट इतका एकच कर पडतो. शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत, जिथे एरवी कमी धुराच्या गाडीची हिरवी चकती लागते, तिला त्या चकतीशिवाय प्रवेश असतो. ती फक्त प्रदर्शनात न्यावी असे कोणी सांगत नाही. तिच्यातून भाजी आणावी, मुलांना शाळेत सोडावे, आल्प्स ओलांडून इटलीला जावे. अट एवढीच की तपासणी चुकवायची नाही. तपासणारा माणूस हातात छोटी हातोडी घेऊन दाराखालचा पत्रा टप्प्याटप्प्याने ठोकत जातो, आणि कुठे आवाज बद्द आला की तिथेच थांबतो, कारण आत गंज असतो. भार पेलणाऱ्या भागात गंज सापडला तर गाडी कितीही चकचकीत असली तरी तपासणीत पास होत नाही. आधी वेल्डिंग करून आणायचे आणि मग परत यायचे.

वर्गमित्राने नंतर २००९ सालचा दाखला काढला, आणि तो चुकीचा नव्हता. त्या वर्षी जर्मन सरकारने नऊ वर्षांपेक्षा जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले आणि त्यासाठी एकूण पाच अब्ज युरो राखून ठेवले. सरकारी भाषेत त्याला पर्यावरणाचे बक्षीस म्हटले गेले. पण जागतिक मंदीत कारखान्यांची चाके फिरती ठेवणे हा त्यामागचा खरा हेतू होता, हे इथे लहान मुलालाही माहीत आहे. त्या वर्षी मोडीत गेलेल्या चांगल्या गाड्यांबद्दल इथली जुन्या गाड्यांची मंडळी अजूनही हळहळतात. शिवाय ते अनुदान होते, बंदी नव्हती. नको असेल त्याने गाडी ठेवावी, असे त्यात गृहीत होते. जबरदस्तीने पंपावर डिझेल नाकारणे आणि पैसे देऊन मन वळवणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून पंपांवर कॅमेरे लावून वय उलटलेल्या गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले, यातच सारे आले.

स्टुटगार्टमध्येसुद्धा डिझेलबंदी आहे, हेही मी लपवत नाही. नेकारटोरच्या चौकातली हवा वर्षानुवर्षे बातम्यांत होती, आणि १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ या धुराच्या मापदंडाच्या आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात मज्जाव झाला. माझ्या शेजाऱ्याने आपली सुस्थितीतली, जेमतेम बारा वर्षांची डिझेल गाडी त्यामुळे विकली, आणि माझी तिच्याहून कितीतरी अधिक धूर सोडणारी २४० डी मात्र एच-पाटीमुळे त्याच रस्त्याने जात राहिली. यात अन्याय आहे असे त्याने मला तोंडावर सांगितले. माझे उत्तर असे होते आणि आजही आहे, की एच-पाटीच्या गाड्या मूठभर असतात, माझ्यासारखे अपवाद सोडले तर त्या बहुधा सुटीच्या दिवशी थोड्या अंतरासाठी बाहेर पडतात, आणि समाजाने आपल्या यंत्रांची आठवण जिवंत ठेवण्यासाठी इतका धूर सोसायला हरकत नसावी. त्याला ते पटले नाही. आमचे बोलणे बंद झाले नाही, एवढे मी समाधान मानतो.

मोटारींपेक्षा माझा जीव ट्रकमध्ये अधिक आहे. श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात आम्ही काही जणांनी मिळून एक जुना गोठा भाड्याने घेतला आहे. तिथे अग्निशमन दलातून निवृत्त झालेली आखूड नाकाची मर्सिडीज आहे, जिचे किलोमीटर तिच्या वयाच्या मानाने नगण्य आहेत. उल्मचा एक गोल बॉनेटचा मागिरुस आहे. आणि एल ३१२ हा मर्सिडीजचा पन्नाशीच्या दशकातला ट्रक आहे. आमच्यातल्या तरुणांना तो चालवता येत नाही, कारण त्यांच्या परवान्यावर साडेतीन टनांपलीकडे जायची मुभा नाही. ज्यांनी जुन्या काळी तिसऱ्या वर्गाचा परवाना काढला ते साठीचे गृहस्थच साडेसात टनांपर्यंतचे ट्रक घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे रविवारी सकाळी चालकाच्या जागेवर पांढरे केस असतात आणि शेजारी बसलेला विशी-पंचविशीतला मुलगा डोळे भरून त्यांचे हात पाहत असतो.

एल ३१२ सुरू करणे हा एक सावकाश विधी आहे. आधी डॅशबोर्डवरची गुंडी ओढून धरायची. मग शेजारच्या जाळीमागची तार हळूहळू तांबूस होते, नारिंगी होते, आणि ती पुरेशी उजळली की इंजिनाच्या आत ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हावे म्हणून आतली हवा तापवणाऱ्या कांड्या, तापले असे समजायचे. त्यानंतर गुंडी आणखी ओढली की स्टार्टर फिरतो आणि सुमारे साडेचार लिटरचे सहा सिलिंडर एकेक करून जागे होतात. पहिल्यांदा मी त्या केबिनमध्ये बसलो तेव्हा बॉनेटची खीळ कुठे असते ते मला कोणी सांगावे लागले नाही, माझा हात आपोआप तिथे गेला. निवृत्त फोरमन असलेल्या आमच्या एका वयस्कर सहकाऱ्याने विचारले की तुम्ही हा ट्रक आधी कुठे पाहिलात, तेव्हा मी त्यांना टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, गोष्ट सांगितली. १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला, जमशेदपुरात याच घराण्याचे ट्रक तयार होऊ लागले, त्यांच्या नाकावर १९६९ पर्यंत हीच तीन टोकांची चांदणी होती, आणि त्यांच्याच पोटी आलेली टाटांची १२१० ही ट्रकगाडी माझ्या वडिलांनी शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा भरून मुंबईपर्यंत नेली. त्या फोरमननी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि ट्रकच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी इतकी वर्षे या देशात आहे, परंतु असा विश्वास मला इथे दुसऱ्या कशामुळे मिळाला नव्हता.

त्याच ट्रकचा डिझेल पंप बिघडला तेव्हा मात्र मला कोल्हापूरची फार आठवण झाली. इथल्या वर्कशॉपमधल्या मुलांना संगणक जोडून दोष वाचता येतो; पण ज्याला जोडायला काहीच नाही अशा यंत्रापुढे ते हात टेकतात. जुने इनलाइन पंप जाणणारा माणूस शोधावा लागला, त्याच्या रांगेत महिनेच्या महिने थांबावे लागले, आणि बिल पाहून आमच्यातल्या दोघांनी वर्गणी सोडायचा विचार केला. आमच्या उद्यमनगरात हे काम रोजचे आहे. तिथे नोझल तपासणारा, पंप कॅलिब्रेट करणारा, बोअर मारणारा, क्रँक घासून देणारा आणि तुटलेल्या कमानपाट्याच्या जागी नवा पाटा घडवून देणारा, असे सगळे हाकेच्या अंतरावर बसतात, आणि सुटा भाग मिळत नसेल तर लेथवर करून देतात. मर्सिडीजने फेलबाखला जुन्या गाड्यांसाठी खास केंद्र उभारले आहे आणि तिथे अशा कौशल्याला मोठा मान आणि मोठा मोबदला आहे. आपल्याकडे ते कौशल्य वडिलांकडून मुलाकडे आले आहे, आणि आपण कायदे असे करत आहोत की त्या हातांकडे कामच येऊ नये. वर्गमित्राच्या शिस्तीच्या वाक्यात या माणसांचा विचार कुठेच नाही.

आता आपला नियम पाहा. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटार असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, फेरनोंदणीचे पाच हजार. त्यानंतर ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. मालवाहू ट्रक या व्याख्येत बसतच नाही. दुसरीकडे २०२२ साली पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि तितक्याच जुन्या अवजड ट्रकच्या फिटनेस प्रमाणपत्राचे दीड हजारावरून साडेबारा हजारांवर. याचा एकत्रित अर्थ असा होतो की ज्याच्याकडे गॅरेज, माळी आणि नोकर आहेत त्याची गाडी वारसा ठरते, आणि ज्याचे पोट गाडीवर चालते त्याची गाडी अडगळ ठरते.

दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार दसरा चौकात येते तेव्हा मीही लहानपणी गर्दीत टाचा उंचावून ती पाहिली आहे. तिचे इंजिन आणि चासी जर्मनीतल्या बोडन सरोवराकाठच्या फ्रीडरिशहाफेनमध्ये घडली, आणि तिथे गेलो की मी लोकांना अभिमानाने सांगतो की तुमच्या गावची गाडी आमच्या गावच्या सोने लुटण्याच्या सोहळ्यात अजून सामील होते. ती राहिली पाहिजे, तिच्यावर कोणी बोट ठेवू नये. परंतु कोल्हापूरचा गूळ, साखर आणि फौंड्रीचा माल त्या मेबॅकमधून गेला नाही. तो फाळका लावलेल्या हौद्यातून, किन्नराच्या, म्हणजे ट्रकवरच्या क्लीनरच्या, जागत्या डोळ्यांवर, खंबाटकीचा घाट उतरत गेला. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास लिहिणारे ट्रकचा उल्लेखही करत नाहीत.

जुना ट्रक धूर ओकतो, ब्रेक लागत नाहीत, अपघात होतात, हे वर्गमित्राचे म्हणणे मला मान्य आहे. वडिलांच्या गाडीच्या पासिंगच्या वेळी गाडी जागेवर उभी असायची आणि कागद एजंटाच्या पिशवीतून जाऊन यायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. पण म्हणूनच मी म्हणतो की दोष वयाचा नाही, तपासणीचा आहे. वय कागदावर वाचता येते, त्यासाठी गाडीखाली वाकावे लागत नाही. सातच वर्षांचा, ओव्हरलोड करून पिळलेला ट्रक तीस वर्षांच्या सांभाळलेल्या ट्रकपेक्षा अधिक घातक असू शकतो, आणि हातोडी घेऊन वाकणारा माणूस नसेल तर तो ट्रक नव्या कागदांसह बिनदिक्कत धावत राहील.

मी हे मित्रांना लिहिल्यावर वर्गमित्राचे उत्तर आले, ‘तू तिकडे बसून बोलतोस. तुझ्या दारातून उसाचे ट्रक जात नाहीत. परत ये आणि मग सांग.’ त्याचे मला खरोखर लागले. त्याला दम्याचा त्रास असलेली आई आहे आणि त्याचे घर हमरस्त्यावर आहे. माझ्या घरासमोर झाडे आहेत. जुन्या ट्रकवर माझे जे प्रेम आहे ते मला परवडते, कारण इथला पगार, इथला रविवार आणि इथला गोठा माझ्यापाशी आहे. मी कोल्हापुरातच राहिलो असतो तर वडिलांची १२१० ठेवली असती का, याचे खरे उत्तर नाही असे आहे. हप्ते फेडणाऱ्या घरात आठवणींसाठी ट्रक उभा राहत नाही. गोठ्यातल्या मंडळींना मी त्या गाडीचा फोटो दाखवतो तेव्हा ते आपल्या घरातला दूरचा नातेवाईक सापडल्यासारखे खूश होतात. पण केबिनच्या दारावर ‘आईचा आशीर्वाद’ का लिहिले होते, कराडला कोणत्या धाब्यावर गाडी थांबायची, हे ज्यांना न सांगता कळेल ती माणसे माझ्याशी भांडत आहेत. इथे मला गाडीमुळे जागा मिळाली आणि तिथे मी गाडीवरूनच परका ठरलो, ही गोष्ट मला रात्री जागे ठेवते.

तरीही मी मागे हटत नाही, कारण माझी मागणी छोटी आहे. तीस वर्षांची एक श्रेणी करावी, तीत ट्रक, टेम्पो आणि एसटीच्या बसलाही जागा असावी, दर वर्षी खरी तपासणी व्हावी, आणि मालाची वाहतूक नको असे हवे तर खुशाल म्हणावे. सरकारी मालकीची पंधरा वर्षांपुढची वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतूनच बाद झाली; त्यांतल्या किती बस आणि किती ट्रक जतन करायचे हे ठरवायला कोणी बसले होते का? १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या पहिल्या गाड्यांना २०३६ मध्ये पन्नास वर्षे होतील, आणि आजचा नियम तसाच राहिला तर त्या दिवशीही त्यांना कोणतीच पाटी मिळणार नाही.