ॲपमधला आकडा म्हणजे सरपंचाने खाल्लेला पैसा नव्हे

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ई-ग्रामस्वराज (ग्रामपंचायतींचे आराखडे आणि हिशेब दाखवणारं सरकारी ॲप) उघडा, गावाचं नाव टाका, पाच वर्षांत केंद्राने थेट गावाच्या खात्यात किती लाख टाकले ते बघा. कामाच्या नावापुढे दिसणारी रक्कम उचललेली असते. जागेवर काम नसेल तर पैसा सरपंचाने खाल्ला. स्क्रीनशॉट घेऊन कलेक्टरकडे जा, सरपंचपद जाईल.

यातलं एक वाक्य खरं आहे: ॲप उघडा. बाकीचं एकेक करून बघू.

रक्कम दिसते म्हणजे ती उचलली, हा पहिला दावा. लोक ज्या पानाचा स्क्रीनशॉट फिरवतात ते बहुतेक वेळा 'अप्रूव्हड ॲक्टिव्हिटीज'चं असतं. तो ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे जीपीडीपी. ग्रामसभेने मंजूर केलेल्या कामांची ती यादी आहे आणि पुढचा आकडा अंदाजित खर्चाचा. जमा आणि खर्च 'फायनान्शियल प्रोग्रेस'मध्ये योजनानिहाय दिसतात. दोन्ही पानं शेजारी ठेवली की बऱ्याच गावांत आराखडा जमेपेक्षा मोठा निघतो, कारण आराखड्यात मनरेगाची किंवा इतर योजनांतून अपेक्षित कामंही धरलेली असतात.

पाच वर्षांची बेरीज तर हमखास चुकते. यंदा न झालेलं काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पुन्हा येतं. एकाच 3 लाखांच्या गटाराची नोंद लागोपाठ तीन वर्षं असेल आणि तुम्ही पाचही वर्षांचे आकडे मिळवत गेलात, तर ते गटार 9 लाखांचं होतं. ग्रुपवर फिरणाऱ्या 'दीड कोटी गायब' छापाच्या बेरजांत असली गटारं किती असतील ते मोजायला हवं.

दुसरा दावा, केंद्राचा पैसा थेट गावात येतो. वित्त आयोगाचा निधी केंद्राकडून राज्याला मिळतो आणि राज्य तो पुढे सोडतं. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-22 ते 2025-26) अटींनुसार राज्याने 10 कामकाजाच्या दिवसांत तो स्थानिक संस्थांना द्यायचा, उशीर झाला तर व्याजासह. आधीच्या 14 व्या आयोगाचा ग्रामीण निधी फक्त ग्रामपंचायतींना होता. 15 व्याने तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात तो ग्रामपंचायत 80 टक्के, पंचायत समिती 10, जिल्हा परिषद 10 असा ठरला.

हप्ता वेळेवर येईल याचीही खात्री नसते. निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतो. मुदत संपून प्रशासक बसला की त्या काळातला हप्ता अडकतो. 2022 मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांना याचा फटका बसला. लेखे ऑनलाइन नसणं हेही अडकण्याचं एक कारण. म्हणजे एखाद्या वर्षी जमेच्या बाजूला शून्य दिसलं तर आधी कारण विचारायचं, आरोप नंतर.

आणि गावात होणारं प्रत्येक काम ग्रामपंचायतीच्या पैशाचं नसतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नाही. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली '2515' या ग्रामविकास विभागाच्या लेखाशीर्षाखालची कामं, आमदार निधी, जिल्हा नियोजनचा निधी, दलित वस्ती सुधार, जलजीवनची नळयोजना यांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो. घरकुलाचे हप्ते तर लाभार्थ्याच्या खात्यात जातात. रस्त्याच्या कडेचा फलक वाचला तर योजना कोणती आणि यंत्रणा कोणती, दोन्ही कळतं. फलकच नसेल तर पहिला प्रश्न तोच.

तिसरा दावा मेसेजमध्ये आडून येतो: एवढे लाख आले तर गावात रस्ते का नाहीत? कारण त्या पैशाचा मोठा भाग रस्त्यासाठी नसतोच. 15 व्या आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी निधीचा 60 टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा, असा ठेवला. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण पगार आणि आस्थापना खर्चाला नाही. एखाद्या गावाला वर्षाला 10 लाख मिळाले असं धरा. 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला, आणि रस्ता, अंगणवाडी, दिवाबत्ती, स्मशानभूमी या सगळ्याला मिळून 4 लाख.

गडबड इथे होते, पण मेसेज म्हणतो तशी नाही. लोकांना पेव्हर ब्लॉक हवे असतात, सरपंचाला ते दाखवायचे असतात, आणि बंधितचा पैसा पडून असतो. मग मंदिरासमोरच्या पेव्हर ब्लॉकला 'सांडपाणी व्यवस्थापन' असं नाव मिळतं. पैसा खिशात गेलेला नसतो, ब्लॉक जागेवर असतात, तरी ती अनियमितता आहे आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो. त्याच वेळी पाण्याच्या टाकीची गळती तशीच राहते. ॲपवर हे पकडायचं तर रक्कम बघू नका. कामाचं नाव आणि जागेवरचं काम ताडून बघा.

चौथा दावा, पैसा सरपंचाने उचलला. एकट्या सरपंचाला तो उचलता येत नाही. ग्रामनिधीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या संयुक्त सह्या लागतात. वित्त आयोगाची देयकं पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून जातात, तिथेही दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात आणि रक्कम पुरवठादाराच्या किंवा ठेकेदाराच्या खात्यात पडते. या व्यवस्थेत पळवाट नाही असं कोणी म्हणणार नाही. दोघांचेही डिजिटल सहीचे डोंगल पिनसकट एकाच ड्रॉवरमध्ये असतील तर दोन सह्यांची अट कागदावरच राहते. पण अशा वेळी जबाबदार दोघेही असतात, आणि फक्त सरपंचाच्या नावाने गळा काढला की दुसरा बदली घेऊन निघून जातो.

बिलातल्या कपातींवरूनही गैरसमज होतात. कामाची रक्कम एक आणि ठेकेदाराच्या खात्यात पडलेली दुसरी, म्हणून मधले कोणी खाल्ले असं नाही. आयकराचा टीडीएस, 1 टक्का कामगार उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन आणि अडीच लाखांवरच्या कंत्राटात 2 टक्के जीएसटी-टीडीएस आधीच कापलेले असतात.

मग चोरी होत नाही का? होते, आणि ती ॲपवर दिसत नाही, कारण ती रुपयांत नसते, सेंटिमीटरमध्ये असते. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड काँक्रीट रस्ता म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रण धरलं तर घनमीटरला साधारण 8 गोण्या सिमेंट, एकूण 360. जाडी 10 सेंटिमीटर ठेवली की काँक्रीट 30 घनमीटर होतं आणि गोण्या 240. वरून रस्ता तोच दिसतो, लांबी-रुंदी तीच भरते, ॲपवर खर्च मंजूर रकमेइतकाच. मधल्या 120 गोण्या मोजमाप पुस्तिकेत (एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही) मात्र वापरलेल्या असतात. एमबीमध्ये 0.15 मीटर लिहिलंय आणि रस्त्याच्या उघड्या कडेला टेप लावला तर 0.10 भरतात, हा पुरावा आहे. तोही एका जागी मोजून होत नाही. दोन्ही कडांना, दर 20-25 मीटरवर मोजा आणि प्रत्येक मोजाचा टेपसकट फोटो काढा. कड साइडपट्टीच्या मुरमाखाली गेली असेल तर खोदाखोद स्वतः न करता कोअर (रस्त्यातून कापून काढलेला नमुना) घेऊन तपासणीची लेखी मागणी करा.

एमबी मिळवायची तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज इथेच सर्वात जास्त फसतात. पाच वर्षांतल्या सर्व कामांची सर्व माहिती असं लिहिलं की अर्ज अडलाच म्हणून समजा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. एक काम निवडा. त्याचं नाव आणि वर्ष ॲपवर आहे तसंच लिहा. मागा एवढंच: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकाचं प्रमाणक (व्हाउचर) आणि पूर्णत्वाचा दाखला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. मुदत 30 दिवसांची. कागद जास्त असतील तर प्रत्यक्ष पाहणी मागा, पहिल्या तासाला शुल्क नाही.

त्याआधीची फुकटची जागा ग्रामसभा. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा एप्रिल-मेमध्ये घ्यावी लागते आणि तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी ठेवावी लागते. आक्षेप आणि त्यांची उत्तरं तिथे मागता येतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आराखडा आठ-दहा जणांतही मंजूर होतो. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणारे त्या दिवशी कुठे असतात हे ज्याने त्याने आपापल्या गावात बघावं.

शेवटचा दावा कलेक्टरचा. जिल्हाधिकाऱ्यांकडे सदस्याच्या अपात्रतेची प्रकरणं जातात, अतिक्रमण किंवा तिसरं अपत्य अशा कारणांची. कामातल्या गैरवर्तनासाठी ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 39 आहे: चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून (सीईओ) आणि पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना. तक्रार लिहिताना एकाच कामावर लिहा. अंदाजपत्रकातली जाडी, एमबीतली जाडी आणि जागेवर भरलेली जाडी असे तीन आकडे ओळीने मांडा, प्रती आणि फोटो जोडा, आणि सीईओंच्या नावाने आवक शाखेत देऊन पोच घ्या. ॲपचा स्क्रीनशॉट जोडायचाच असेल तर सर्वात शेवटी, कामाचं नाव जुळवण्यापुरता.