शाळा सगळेच काढतात, वसतिगृहाचं काय?

दहावीचा निकाल लागला की पेपरात ठरलेली बातमी येते. पत्र्याच्या खोलीत राहून अमुक मुलीने नव्वद टक्के मिळवले. शेजारी पेढा भरवणारी आई. त्या मुलीचं कौतुक आहेच, पण बातमीचा मला राग येतो. तिला जमलं, मग बाकीच्यांना काय धाड भरली होती, असा त्या बातमीचा सूर असतो.

शाळा समाजाला एकत्र बांधते, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम मानायचा. त्याच देशातल्या पिएर बोर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने नंतर बोट ठेवलं ते घरावर. घरातली भाषा, पुस्तकं, चारचौघांत वावरण्याचा सराव हेही एक भांडवलच, आणि शाळा त्यालाच हुशारी समजून मार्क देते. पटतं मला. फळा एकच, धडा एकच. पण शाळा सुटल्यावर एक जण क्लासला जातो आणि एक जण पाणी भरायला.

आपल्याकडे हे कोल्हापुरात फार आधी ओळखलं गेलं होतं. शाहू महाराजांचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा १९१७ चा हुकूम आपण जयंतीला आठवतो. पण त्याआधी, १९०१ पासूनच, ते वसतिगृहं उभी करत होते. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जाती, सगळ्यांसाठी. जातवार का, म्हणून आज नाकं मुरडणं सोपं आहे. पण खेड्यातल्या पोराला शहरात भाड्याने खोली तरी कोण देत होतं? पुढे १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यातल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ती पंगत चालावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. वर्गातल्या बाकाइतकंच रात्रीचं जेवण आणि टेकायला जागा महत्त्वाची, हे त्या घरात कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि आता? सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही की अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. योजना आखली तेव्हा पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यात राहण्याचे २०,०००. म्हणजे महिन्याला सोळा-सतराशे. सदाशिव पेठेत एवढ्यात कॉट बेसिसवर खाट मिळते का, जरा चौकशी करून बघा. शिवाय घरमालक भाडं दर महिन्याला मागतो, 'अनुदान आलं की देतो' त्याला चालत नाही.

बीडकडची गत आणखी वेगळी. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघाले की गावात हंगामी वसतिगृह नीट चाललं तर पोरगं शाळेत, नाहीतर कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत. हजेरीपटावर मात्र नाव असतंच.

म्हणून 'शिक्षणाने समाज बदलतो' हे भाषणात ऐकलं की मी पुढचं विचारतो. मुलं राहणार कुठे, जेवणार काय? आमदार निधीतून शाळेला कमान झालेली मी पाहिली आहे, डिजिटल फळाही पाहिला आहे. मुलींच्या वसतिगृहाला कंपाउंड, गरम पाणी आणि रात्रपाळीची वॉर्डन देतो असं सांगून मतं मागणारा उमेदवार तुमच्याकडे कुणी असेल, तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा.