शिकवणी पुरे, आता खरेदीची हमी हवी

ऑगस्ट २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले, आणि तेव्हापासून बायकांच्या हाती रोख रक्कम द्यावी की त्यांना धंदा उभारून द्यावा, यावर महाराष्ट्रात हिरिरीने वाद चालू आहे. युगांडाची राजधानी कंपालामध्ये राहून इथल्या निर्वासित स्त्रियांचे साबण आणि कापडी सॅनिटरी पॅडचे छोटे उद्योग मी जवळून पाहत आले आहे, त्यामुळे या वादात एक प्रश्न राहून जातो असे मला सतत वाटते. धंदा उभा राहिला, तरी तयार झालेला माल विकत कोण घेणार?

युगांडाच्या २००६च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला आहे. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे ही चर्चा ‘त्यांना ठेवायचे की नाही’ इथेच अडकते. पंधरा लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा देणारा युगांडा हा गरीब देश त्या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे गेला आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

तरीही हक्क मिळाला म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही. २०१६मध्ये दक्षिण सुदानमधून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांसाठी युंबे जिल्ह्यात बिडीबिडी ही वसाहत सुरू झाली. अशा वसाहतींत बायका कॉस्टिक सोडा तोलून पाण्यात विरघळवतात, ते द्रावण तेलात घोटतात, साच्यात ओततात आणि दुसऱ्या दिवशी वड्या कापून फळ्यांवर मांडतात. न शिजवता केलेला हा साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तेलाचे पैसे त्या फळ्यांवर अडकून पडतात. राहायला मिळालेली जमीन वापरापुरती असल्याने बँकेकडे तारण ठेवता येत नाही. आधार असतो तो बचतीच्या पेटीचा; तिला तीन कुलपे, आणि किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. आपल्या बचतगटातल्या कोणालाही हा व्यवहार लगेच ओळखीचा वाटेल. पण त्या पेटीतून एक घाणा निघतो, मोठी मागणी पुरवता येत नाही.

शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांवर तरी किती विसंबायचे? जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२३मध्ये इथल्या निर्वासितांच्या शिध्याला कात्री लावली. पोटालाच कमी पडू लागल्यावर विकतचा साबण आधी सुटतो.

दुसरीकडे, मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी दरमहा २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण मिळायला हवा. दोन लाख वस्तीचा हिशेब केला, तर नुसता अंगाचा साबणच महिन्याला ५० टन होतो. ही गरज भागवण्यासाठी निघणाऱ्या निविदांतला लहानसा हिस्सा जरी वसाहतीतल्या गटांसाठी वेगळा काढला, तरी त्यांचे वर्षभराचे काम पक्के होईल. एकगठ्ठा निविदा असल्या गटांच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे तिचे छोटे भाग पाडावे लागतील आणि कच्च्या मालासाठी आगाऊ रक्कमही द्यावी लागेल.

यावर दर्जाचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कॉस्टिकचे प्रमाण चुकले तर कातडी भाजते आणि पॅडचे कापड नीट शोषणारे नसेल तर बाईचेच हाल होतात. म्हणून युगांडाच्या मानक ब्युरोची चाचणी शिथिल करू नये. तिचा खर्च मात्र देणगीदार संस्थांनी उचलावा. शिवणाचे आणि साबणाचे आणखी एक शिबिर भरवण्यापेक्षा तो पैसा इथे अधिक कामी येईल, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्राने २०१८मध्ये अस्मिता योजनेतून शाळकरी मुलींना पाच रुपयांत पॅडचे पाकीट देताना विक्रीचे काम बचतगटांकडे सोपवले होते. म्हणजे गटाला ठरलेले गिऱ्हाईक मिळवून देणे सरकारला जमू शकते. लाडक्या बहिणीला रोख मिळो वा कर्ज. शाळा, वसतिगृहे आणि सरकारी दवाखाने साबण नि पॅड कोणाकडून घेणार, याचा वर्षाचा करार तिच्या गटाशी होणार का, हे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी सांगावे.