अजून फिरतंय, गुरुजी!

आमच्या दोनशिक्षकी शाळेत स्मार्ट टीव्ही आला तो लोकवर्गणीतून. उद्घाटनाला नारळ फुटला, हार पडला आणि उत्साहाच्या भरात कुणीतरी रिमोटलाही कुंकू लावलं. तेव्हापासून आवाजाचं बटण चिकटतं. चोरीच्या भीतीनं टीव्हीचा मुक्काम पोषण आहाराच्या तांदळाशेजारी, कुलपात.

तिसरीला 'बी कशी रुजते' दाखवायचं होतं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेलाच असतो. ही कल्पना राबवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तेव्हापासून आमचे साहेब आमच्याकडे 'आणि तुमचं काय?' अशा नजरेनं बघतात.

सोमवारी मोबाइल कोडवर धरला. काहीच होईना. पुस्तकाच्या मालकानं कोडातले पांढरे चौकोन पेन्सिलीनं एकेक करून काळे केले होते. "रिकामे राहिले होते, गुरुजी." एवढी टापटीप त्याच्या शुद्धलेखनात कधी दिसली नाही. दुसरं पुस्तक घेतलं, तर लाइट गेली.

मंगळवारी लाइट होती, रेंज नव्हती. त्यातच सकाळी घरून निघताना ग्रुपवर आदेश वाचलेला: विद्यार्थ्यांची माहिती आजच ऑनलाइन भरा. रेंज फक्त मारुतीच्या पारावर, तीही दोन काड्या. तिथे बसून सगळं भरलं. ओटीपी मात्र मुख्याध्यापकांच्या फोनवर. ते तालुक्याला प्रशिक्षणात. विषय, 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर'. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं, आणि त्यांचा फोन लागायला अकरा लागली.

बुधवारी लाइटही होती आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या मोबाइलला एक काडीही. टीव्हीवर गोल चकरी सुरू झाली. एकतीस पोरं हाताची घडी घालून चकरीकडे बघत बसली.

"अजून फिरतंय, गुरुजी!"

इतक्यात स्वयंपाकाच्या मावशी ओलं फडकं घेऊन दारात आल्या. "गुरुजी, सोमवारी भिजवलेल्या मटकीला काय झकास मोड आलेत! उसळ टाकू का?"

एकतीस माना गर्रकन वळल्या. मावशींना म्हटलं, जरा थांबा, आणि फडकं टेबलावर सोडायला लावलं. कुणी मोड पट्टीनं मोजले, कुणी साल सोलून आत डोकावलं, दोघांनी पुरावाच खाऊन टाकला.

मग सगळ्यांना पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसवलं. 'डिजिटल वर्ग सुरू' असा फोटो ग्रुपवर टाकायचा होता ना!

तो फोटोही अजून फिरतोय.