बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल खुलासा

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: बोटॉक्स (सुरकुत्या कमी करणारं इंजेक्शन) किंवा फिलर (चेहऱ्याला भराव देणारं जेलचं इंजेक्शन) घेण्याच्या आदल्या रात्री बधिर करणारं क्रीम चेहराभर जाड थापा, वर प्लॅस्टिक गुंडाळा, सुई कळणारच नाही. कृपया असं करू नका. लिडोकेन-प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या औषधांच्या क्रीमला साधारण तासभर पुरतो. रात्रभर ठेवलं तर औषध रक्तात उतरतं. चक्कर, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं, इथवर मजल जाऊ शकते. परवा गंगापूर रोडच्या आमच्या दवाखान्यात एक ताई पापण्यांपर्यंत क्रीम माखून आल्या, डोळा लालभडक. मी आधी तो धुतला, इंजेक्शन पुढे ढकललं.

कित्येक फिलरमध्ये ०.३ टक्के लिडोकेन आधीच असतं. बोटॉक्सला तर बऱ्याचदा रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर टेकवून लगेच बारीक सुई टोचली, की भागतं.