डीग्रॉमचा करार आणि आपला दोन ताऱ्यांचा अभिप्राय

सप्रेम नमस्कार.

बेसबॉल संघ हिवाळ्यात करतात त्या खेळाडूंच्या खरेदीविषयीच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला आपण आलात आणि घरी गेल्यावर सविस्तर अभिप्राय लिहिलात, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मेजर लीग या अमेरिकेतल्या बेसबॉल स्पर्धेतील टेक्सस रेंजर्स संघाने २०२२ च्या डिसेंबरात पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) जेकब डीग्रॉमला १८.५ कोटी डॉलर देऊन ‘सहा सामने विकत घेतले’, दुखापत झाल्यावर त्याला सोडून पैसे वाचवायला हवे होते, आणि मी मात्र रेंजर्सच्या २०२३ च्या विजेतेपदाचा फोटो दाखवून दोन तास संघाची वकिली केली. याच शंका इतर पालकांनीही विचारल्या असल्यामुळे उत्तर येथेच देत आहे.

वकिलीचा आरोप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. डीग्रॉमने २०२३ च्या अंतिम मालिकेत एकही चेंडू टाकला नव्हता; त्यामुळे चषकाचा फोटो लावून त्याचा करार योग्य ठरवणे ही माझी पळवाट होती. संघाला धोका दिसत नव्हता असेही नाही. करार झाला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, २०१० मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातला फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झालेली होती, आणि आधीच्या दोन हंगामांत मिळून मेट्स या त्याच्या जुन्या संघासाठी त्याने फक्त २६ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून चेंडू टाकले होते. मात्र त्यांपैकी २०२१ मधल्या १५ सामन्यांत त्याची नऊ इनिंगमागे (डावांमागे) दिलेल्या धावांची सरासरी अवघी १.०८ होती, आणि असा पिचर ठणठणीत असता तर त्याला मोकळे कोणी सोडले असते?

सहा सामन्यांचा हिशेब मात्र दुरुस्त करावा लागेल. १८.५ कोटी ही पाच वर्षांची रक्कम आहे आणि २०२३ चा वाटा ३ कोटींचा होता, म्हणजे सामन्यामागे ५० लाख. तेही महागच, यात वाद नाही. ते सहाही सामने संघाने जिंकले. पण २८ एप्रिलला यांकीजविरुद्ध चौथ्या इनिंगमध्ये त्याने मैदान सोडले आणि जूनमध्ये त्याच कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. २०२५ मध्ये त्याने ३० सामने सुरू केले आणि सरासरी २.९७ राखली, हे आपल्या हिशेबात यायला हवे होते.

‘सोडून द्यायचे’ हा मुद्दा माझ्याच चुकीतून निघाला आहे. मी सुरुवातीला आयपीएलच्या लिलावाचे उदाहरण दिले आणि गोंधळ झाला. आयपीएलमध्ये हंगामानंतर खेळाडू मोकळा केला की पुढच्या वर्षाचे ओझे उतरते. मेजर लीगच्या अशा बहुवर्षीय करारातील रक्कम हमीची असते. खेळाडूला मोकळे केले तरी उरलेले पैसे संघालाच द्यावे लागतात, आणि दुसऱ्या संघाने त्याला घेतलेच तर फार तर किमान वेतनाएवढी रक्कम त्यातून वजा होते. म्हणजे डीग्रॉमला काढून रेंजर्सचा जवळपास काहीच पैसा वाचला नसता, फक्त पिचर गेला असता.

आता ज्या भागाला आपण ‘जमाखर्चाचे कीर्तन’ म्हटले आहे, त्याविषयी. मी फळ्यावर सात नावे लिहिली होती : डीग्रॉम, इओवाल्डी, ग्रे, पेरेझ, हीनी, ओडोरिझी, डनिंग. रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांच्या फळीत, जागा पाचच असताना सात कशाला, असे आपणच मागच्या रांगेतून विचारले होते. २०२२ मध्ये ९४ सामने हरलेल्या या संघाने त्याआधीच्या हिवाळ्यात सीगर आणि सेमियन या फलंदाजांवर मिळून ५० कोटी डॉलर लावले होते. फलंदाजी उभी होती, कमी होती ती पिचरांची. म्हणून त्यांनी पेरेझला १.९६५ कोटींची क्वालिफाइंग ऑफर (करार संपलेल्या आपल्याच खेळाडूला ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) दिली व त्याने ती स्वीकारली, ओडोरिझीला ब्रेव्ह्ज संघाकडून अदलाबदलीत आणले, इओवाल्डीशी दोन वर्षांचा ३.४ कोटींचा आणि हीनीशी दोन वर्षांचा २.५ कोटींचा करार केला. पुढे ओडोरिझीचा खांदा गेला, डीग्रॉमचे कोपर गेले, आणि मी फळ्यावरची ती दोन नावे खोडली तेव्हा बरोबर पाच उरली. राखीव म्हणून ठेवलेल्या डनिंगने त्या वर्षी १२ विजय मिळवले. जुलैअखेर शेर्झर आणि माँटगोमेरी या आणखी दोन पिचरांना आणावे लागले, हे खरे. पण अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात हीनीने पाच इनिंग टाकल्या, आणि पाचव्या, निर्णायक सामन्यात इओवाल्डीने सहा इनिंग एकही धाव न देता टाकल्या. त्या हिवाळ्याच्या बाजूने मी काही बोलायचे, तर ते या दोघांवरच्या ५.९ कोटींबद्दल बोलायला हवे होते, आणि वर्गात मी नेमके तेच घाईत उरकले.

आपली एक तक्रार विनाअट मान्य आहे : जाहिरातीत ‘पिचिंग समजून घ्या’ एवढेच छापले होते, आणि मुलीला चेंडूची पकड शिकायला मिळेल या अपेक्षेने आपण तिला घेऊन आलात. जाहिरात आता बदलली आहे. दोघांचे शुल्क परत करत आहोत. पकड आणि फेक शिकवणारा मुलांचा वर्ग शनिवारी सकाळी मैदानावर असतो. पहिल्या दिवशी तिला विनाशुल्क घेऊन या, तिच्या मापाचा ग्लव्ह आम्ही काढून ठेवू.

आपला,
वर्गचालक