महागाई, बेरोजगारी, जीडीपी : त्या संदेशात नेमकं काय चुकलंय

अर्थशास्त्र नुकतंच शिकायला लागलेल्या मुलांमध्ये एक संदेश जोरात फिरतो आहे. त्यातला दावा असा : महागाई घटली म्हणतात, पण भाव काही खाली येत नाहीत, तेव्हा तो आकडा खोटा. बेरोजगारी मोजताना आठवड्यात तासभर राबलेल्यालाही रोजगार आहे असं धरतात, तेव्हा तोही खोटा. आणि जीडीपीच्या, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या, सूत्रात आयात वजा होते, तेव्हा आयात बंद केली की जीडीपी तेवढ्यानं वाढेल. हे सगळं इतक्या ठामपणे लिहिलंय, की मुलं उद्या तेच उत्तरपत्रिकेत उतरवतील याची मला काळजी वाटते.

महागाईचा मुद्दा सरळ आहे. निर्देशांक, म्हणजे ठराविक वस्तूंच्या टोपलीवरून काढलेला आकडा, किमतींची पातळी सांगतो, महागाईचा दर त्या पातळीतली वाढ सांगतो. निर्देशांक एका वर्षी १०० वरून ११० झाला आणि पुढच्या वर्षी ११३, तर महागाई १० टक्क्यांवरून सुमारे २.७ टक्क्यांवर आली. भाव मात्र वाढलेच. ते उतरायला दर शून्याच्या खाली जावा लागतो. निर्देशांकात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. टोपलीतल्या वस्तूंचे भार, म्हणजे खर्चातले त्यांचे वाटे, तेच ठेवले, की महागलेली वस्तू सोडून लोक स्वस्त पर्यायाकडे वळतात हे सुटून जातं. पण या दोषामुळे महागाई फुगून दिसते! संदेशातला संशय नेमका उलट्या दिशेचा आहे.

तासाभराचा नियम खरा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत तो उघड लिहिलेला आहे. देशातलं उत्पादन मोजताना तासाभराचं कामही धरलं जातं, म्हणून रोजगार मोजतानाही ते धरायचं, असा त्यामागचा विचार. ज्यांना पुरेसे तास काम मिळत नाही त्यांची मोजणी वेगळी होते. खरी अडचण दुसरीकडेच आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. बेरोजगार ठरायला माणसाकडे काम नसणं पुरत नाही. तो काम शोधत असला पाहिजे आणि करायला तयारही. समजा कामाच्या वयाची १०० माणसं आहेत. ५४ कामावर, ६ शोधात. श्रमबल, म्हणजे हे दोन्ही मिळून, ६०; बेरोजगारी त्यातले ६, म्हणजे १० टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी दोघांनी थकून नाद सोडला. श्रमबल ५८, बेरोजगार ४, दर सुमारे ६.९ टक्के. एकालाही काम मिळालं नाही आणि दर १० वरून ६.९ टक्क्यांवर घसरला! म्हणून हा दर एकटा कधीच वाचू नये. कामाच्या वयाच्या लोकांपैकी किती जण कामावर आहेत हे शेजारी ठेवून पाहावं. इथे ते आधीही ५४ टक्के होतं, नंतरही ५४. आकड्यावर रागवायचंच असेल तर या जागी रागवा. काम शोधून खचलेली माणसं दरातून गळून जातात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आयातीचा मुद्दा सर्वांत फसवा, कारण सूत्रात वजाचं चिन्ह डोळ्यांनी दिसतं : उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांची बेरीज, वजा आयात. उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्च मोजताना वस्तू कुठे बनली हे विचारलेलं नसतं. परदेशातून १०० किमतीचं यंत्र आणलं, तर गुंतवणुकीत १०० वाढतात आणि आयात म्हणून १०० वजा होतात. जीडीपीवर परिणाम शून्य. आधीच्या रकान्यात शिरलेलं परकं उत्पादन बाहेर काढायला ती वजाबाकी आहे. यंत्र आणलंच नाही, तर गुंतवणूकही १०० नी कमी, आयातही १०० नी कमी; हाती काहीच लागत नाही. वाढ तेव्हाच, जेव्हा तेच यंत्र देशात बनवायला रिकामी माणसं, माल आणि कौशल्य उपलब्ध असेल. नसेल, तर त्या यंत्रावर पुढच्या वर्षी जे उत्पादन झालं असतं तेही गेलं, आणि हा तोटा जीडीपीत खराखुरा दिसेल.